वाफेच्या बोटीची परीक्षा

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज येथे जमलो आहोत, ते आपले गुरुजी मुलांच्या वह्या तपासून झाल्या की शेवटच्या ओळीखाली एकच शब्द लिहीत : ‘पाहिले’. त्याखाली सही आणि तारीख. एकदा त्यांना ताप भरला होता. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा परत आला, तेव्हा निम्म्या वह्यांवर सही होती आणि निम्म्यांवर नव्हती. वर्गनायकाने भीत भीत विचारले, तेव्हा गुरुजी म्हणाले, “त्या पाहायच्या राहिल्या आहेत. उद्या पाहीन.” आम्हां मुलांना नवल वाटले. नुसती सही ठोकली असती, तर कोणाला कळणार होते? पुढे माझे सारे आयुष्य अशाच सह्या करण्यात गेले. म्हणून आज गुरुजींच्या नावाने बोलताना मी माझ्या व्यवसायातलाच विषय निवडला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात नव्याने बांधलेल्या वाफेच्या मच्छीमार बोटीची पाहणी कशी होई, तिला दर्जा कसा दिला जाई आणि त्या दर्जाचा अर्थ काय, हा तो विषय.

संयोजकांपैकी एकाने मला प्रेमळ तक्रार केली, की लिंबायतच्या श्रोत्यांना जहाजाचे काय? येथे दिवसरात्र लूमचा खडखडाट ऐकू येतो, समुद्राची गाज नाही. तक्रार रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधन्याच्या गाडीने आली. परंतु आपल्या आधी, आपल्याच वाटेने, तापी नदी खानदेशातून येथे येत होती आणि येथून ती समुद्राला मिळत होती. सुरत हे कापडाचे शहर होण्याच्या काळातच जहाजांचेही शहर होते. आणखी एक कारण घरगुती आहे. माझे आबा फोल्डिंग खात्यात कामाला होते. कापडाचा ताका टेबलावरून सरकत जाई आणि आबांची नजर तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा शोधत राही. एखादा दोष नजरेतून सुटला तर पगारातून कापून घेत. पाहणी म्हणजे काय, याचा पहिला धडा मी तेथे घेतला, दुसरा गुरुजींकडे. जहाजावर जाऊन मी फक्त उजळणी केली.

सुरतेपासूनच आरंभ करू. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या गोदीसाठी येथून एका तरुण पारशी कारागिराला बोलावून नेले. त्यांचे नाव लवजी नसरवानजी वाडिया. सोबत सुरतेचेच काही सुतार होते. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली आणि पुढे सुमारे दीड शतक वाडिया घराण्याच्या पिढ्यांनी तेथे सागवानी जहाजे बांधली. जमशेटजी बमनजींनी बांधलेले ‘मिंडेन’ हे युद्धनौकांच्या रांगेत उभे राहणारे मोठे जहाज १८१० मध्ये पाण्यात उतरले. १८१७ मध्ये उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले ते सागवान हेच त्या कारागिरांचे प्रशस्तिपत्र होय. लाकूड वाजवून, नखाने टोकरून, वास घेऊन ते त्याची पारख करीत. बांधणारा आणि पारखणारा एकच असे. घराण्याचे नाव हीच हमी होती.

परंतु व्यापार वाढला, की बांधणारा एका किनाऱ्यावर, मालक दुसऱ्या आणि मालाचा विमा उतरवणारा तिसऱ्या किनाऱ्यावर, अशी स्थिती येते. विमा उतरवणाऱ्याने जहाज कधी पाहिलेलेच नसते. मग त्याने विश्वास कशावर ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर लंडनमधील एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात तयार झाले. तेथे बसणाऱ्या विमेवाल्यांनी १७६० साली एक मंडळ स्थापन करून जहाजांची नोंदवही काढली. सांगाड्याच्या स्थितीला ए, ई, आय, ओ, यू अशी अक्षरे आणि नांगर, दोर इत्यादी सामग्रीला चांगली, मध्यम, वाईट असे शेरे दिले जात. पुढे सामग्रीसाठी आकडे आले आणि १७७५ च्या सुमारास ‘ए १’ ही खूण अवतरली. इंग्रजी बोलणारे जग आज कोणत्याही उत्तम वस्तूला ‘ए वन’ म्हणते, आपणही म्हणतो. तो शब्द जहाजाच्या पाहणीतून आला आहे.

या नोंदवहीच्या इतिहासात एक प्रसंग आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विमेवाल्यांनी असा नियम केला, की जहाजाचा दर्जा त्याचे वय आणि ते कोणत्या ठिकाणी बांधले यावरून ठरेल. थेम्स नदीवर बांधलेल्या जहाजाला वरचा दर्जा अधिक वर्षे, इतर ठिकाणच्या जहाजाला कमी. जहाज आज कसे आहे, हे पाहण्याऐवजी ते कोठे जन्मले हे विचारले जाऊ लागले. मालक संतापले आणि १७९९ मध्ये त्यांनी स्वतःची वेगळी नोंदवही काढली. विमेवाल्यांची हिरवी वही आणि मालकांची तांबडी वही, अशी दोन पुस्तके पस्तीस वर्षे एकमेकींशी भांडत राहिली आणि दोघींचेही दिवाळे निघण्याची वेळ आली. अखेर १८३४ मध्ये दोन्ही एक झाल्या, पाहणीचे नियम लिहिले गेले आणि नियमांनुसार प्रत्यक्ष जहाज पाहणारे पगारी पाहणीकार नेमले गेले. जन्मस्थानावरून दर्जा ठरवणे सोपे असते. त्यासाठी जागचे हलावे लागत नाही. प्रत्यक्ष पाहण्यासाठी मात्र तळघरात उतरावे लागते. दुसऱ्या प्रांतातून येऊन या वस्तीत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना या फरकाचे वेगळे विवरण नको.

आता वाफेकडे वळू. १८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली आणि १८३० मध्ये ती मुंबईहून सुएझला गेली. वाडिया घराण्यातील अर्देशिर कर्सेटजी यांनी वाफेच्या यंत्रांचा ध्यास घेतला, मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे ते प्रमुख झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य म्हणून निवडले गेले. मासेमारीत मात्र वाफ उशिरा आली. शिडाच्या बोटीला वारा फुकट मिळतो. कोळसा विकत घ्यावा लागतो. १८७७ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर विल्यम पर्डी याने ‘मेसेंजर’ या चाकाच्या ओढबोटीमागे जाळे बांधून मासे धरून दाखवले. १८८१ मध्ये हल येथील कारखान्यात ग्रिम्स्बीच्या कंपनीसाठी ‘झोडियाक’ ही खास ट्रॉल मासेमारीसाठी मळसूत्री पंख्याची आगबोट बांधली गेली. शतक संपेपर्यंत त्या बंदरांतून शिडाच्या ट्रॉलर बोटी हटत गेल्या आणि त्यांच्या जागी धुराची नळकांडी दिसू लागली.

आपण अशी एखादी बोट कल्पनेत घेऊ. लांबी शंभर फुटांच्या आसपास, रुंदी वीस फूट. मध्ये बर्फ भरलेली माशांची कोठी, तिच्यामागे बॉयलर आणि यंत्र, डेकवर जाळे ओढणारे वाफेचे विंच. मालकाला तिच्यासाठी लॉइडच्या नोंदवहीत ‘१०० ए १’ हा सर्वोच्च दर्जा हवा आहे. तो मिळतो कसा?

पहिली पायरी कागदावरची. बांधणारा आपले नकाशे सादर करी : बोटीच्या मध्यभागाचा आडवा छेद, लांबीचा उभा छेद. १८७० नंतरच्या नियमांत बोटीची रुंदी, खोली, मधल्या भागाचा घेर आणि लांबी यांवरून एक संख्या काढीत आणि त्या संख्येसमोर तक्त्यात फासळ्यांची जाडी, त्यांच्यातील अंतर, पत्र्यांची जाडी हे सारे लिहिलेले असे. हिशोब कोणालाही पडताळता येत असे. तेथे मर्जीला जागा नव्हती. पोलाद आले तेव्हा लोखंडाच्या मानाने सुमारे पाचवा हिस्सा कमी जाडीची सवलत मिळाली. पण ती परीक्षेच्या अटीवर. पोलादाची पट्टी कापून यंत्रात ताणली जाई. चौरस इंचाला सुमारे २८ टन ताण ती सोसते की नाही आणि तुटण्यापूर्वी ती किती लांबते, दोन्ही पाहत. दुसरी पट्टी लाल होईतो तापवून पाण्यात बुडवीत आणि मग वाकवीत. तडा गेला की पत्रा बाद. नुसते कठीण असून भागत नाही, लवताही आले पाहिजे. ठिसूळ पोलाद समुद्रात कामाचे नाही.

दुसरी पायरी बांधकामाची. येथे खरी मेख आहे. पूर्ण झालेली, रंगवलेली बोट पाहून दर्जा देणे आणि बांधली जात असताना वेळोवेळी जाऊन पाहणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणून १८५३ पासून नोंदवहीत एक वेगळी खूण आली : दर्जाच्या आधी छापलेला छोटा क्रूस. ही बोट पाहणीकाराच्या देखरेखीखाली बांधली गेली आहे, असा त्याचा अर्थ. कणा मांडला की पाहणीकार येई. फासळ्या उभ्या राहिल्या, पत्रे चढण्यापूर्वी पुन्हा येई. पत्रे चढले, रिवेट मारले, पण सिमेंट आणि रंग लागण्यापूर्वी, पुन्हा. एकदा रंग चढला की दोष झाकला जातो, हे त्याला ठाऊक असे. त्याच्या हातात एक छोटा हातोडा असे. रिवेटच्या डोक्यावर बोट टेकवून दुसऱ्या बाजूने तो हलकेच ठोका मारी. पक्का बसलेला रिवेट घणघणीत बोलतो. सैल रिवेट बोटाखाली थरथरतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो पातळ पाते सरकवून पाही. पाते आत शिरले, तर सांधा बसलेला नाही. मधल्या पाणबंद भिंतींवर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो दुसऱ्या बाजूला हात फिरवी. अशा हजारो रिवेटांच्या बोटीत प्रत्येक ठोका कोणीच मारू शकत नाही. कोठे मारायचा, हे अनुभव सांगतो. सर्वांत अवघड कोपऱ्यात, जेथे रिवेट मारणाऱ्या मजुरालाही नीट वाकता आले नसेल, तेथे आधी.

तिसरी पायरी यंत्राची. १८७४ पासून लॉइडच्या संस्थेने यंत्रांसाठी अभियंता पाहणीकार नेमले. बॉयलर थंड असताना त्यात पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब चढवीत आणि प्रत्येक जोड तपासत. दुप्पट का? वाफेचा बॉयलर फुटला तर माणसे मरतात. थंड पाण्याचा फुटला तर नुसती जमीन ओली होते. ज्याला फुटायचेच आहे, त्याने आज, धक्क्यावर, कोणी जवळ नसताना फुटावे, हे त्या परीक्षेचे शहाणपण. मग सुरक्षा झडपेवरचा दाब बसवला जाई. नांगर आणि साखळदंड यांची परीक्षा १८६४ च्या कायद्यानुसार स्वतंत्र केंद्रात होई. शेवटी समुद्रावरची चाचणी.

एवढे झाल्यावर पाहणीकार दर्जा देई का? नाही. तो छापील अहवाल भरून लंडनच्या समितीकडे शिफारस करी. दर्जा समिती देई. पाहणारा एक, ठरवणारे अनेक. आणि तो दर्जा कायमचा नसे. चार वर्षांनी, आठ वर्षांनी, बारा वर्षांनी अधिकाधिक कडक पाहणी होई. चुकवली, तर नोंदवहीतून खूण पुसली जाई. ‘१०० ए’ म्हणजे सांगाडा पूर्ण जाडीचा, ‘१’ म्हणजे नांगर-साखळीची सामग्री चोख. त्या पाच-सहा अक्षरांत इतक्या जणांची पायपीट दडलेली होती.

मात्र या पद्धतीचे गुणगान करून थांबलो, तर मी अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. हा दर्जा ऐच्छिक होता आणि तो विमा उतरवणाऱ्याच्या पैशासाठी निर्माण झाला होता. खलाशाच्या जिवासाठी नव्हे. खलाशाची बाजू सॅम्युएल प्लिम्सॉल या खासदाराने लावून धरली. ओव्हरलोड करून बुडवल्या जाणाऱ्या जहाजांविरुद्ध त्याने १८७३ मध्ये पुस्तक लिहिले आणि १८७६ मध्ये जहाजावर भाररेषा रंगवण्याचा कायदा झाला. पण ती रेषा कोठे काढायची हे मालकावरच सोडले होते; तिची जागा कायद्याने निश्चित व्हायला १८९० उजाडले. आणि १८७६ च्या त्या कायद्यातून कोणाला वगळले होते? केवळ मासेमारी करणाऱ्या बोटींना. ज्यांचे काम सर्वांत धोक्याचे, त्यांच्यासाठी रेषा नाही. मच्छीमार बोटीच्या मालकाने स्वखुशीने दर्जा घेतला तर घेतला.

कागद आणि समुद्र यांतील अंतर आपल्या किनाऱ्यानेही सोसले आहे. १८८४ मध्ये हिंदुस्थानात आगबोटींच्या पाहणीचा कायदा झाला. ‘वैतरणा’ ही स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे १८८५ मध्ये बांधलेली प्रवासी आगबोट. विजेच्या दिव्यांमुळे काठेवाडात तिला ‘वीजळी’ म्हणत. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ही जवळजवळ नवी बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे गेली. चौकशीत बचावाच्या होड्या आणि जाकिटे अपुरी असल्याचे निघाले. सुरतेत आजही जुन्या मंडळींना हाजी कासमच्या वीजळीची कथा ठाऊक असते. आपल्या मराठी मनात तीच जागा ‘रामदास’ बोटीची. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मरण पावले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. पोहत किनारा गाठलेल्यांनी बातमी आणली.

आपल्याकडे वाफेच्या ट्रॉलरचा प्रयोगही झाला. १९०८-०९ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘गोल्डन क्राउन’ आणि १९२१-२२ मध्ये मुंबईच्या पाण्यात ‘विल्यम कॅरिक’ या बोटींनी जाळी ओढली. ते प्रयोग अल्पकाळच टिकले. किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी रुजली ती स्वातंत्र्यानंतर, डिझेल इंजिनावर. १९७५ मध्ये जहाजांचा दर्जा ठरवणारी आपली स्वतःची संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, स्थापन झाली. लंडनच्या समितीचे तोंड पाहण्याची गरज उरली नाही.

आता मी माझी एक गोष्ट सांगतो. ती आजवर मी कोणत्याही व्यासपीठावर सांगितलेली नाही. १९८० च्या दशकात मी नवखा पाहणीकार होतो. एका लहान कारखान्यात मच्छीमार बोट बांधली जात होती. कोठीखालच्या टाकीचे जोड आतून पाहायचे होते. मे महिना, दुपारचे दोन; टाकीचे तोंड जेमतेम खांद्याएवढे. मी वरून डोके घातले, बॅटरीचा झोत फिरवला. दिसले तेवढे चांगले होते. कोपरा दिसत नव्हता. उतरायला हवे होते. मी उतरलो नाही. कागदावर मात्र लिहिले, की आतून पाहणी केली, समाधानकारक. खाली सही, तारीख.

पावसाळ्यानंतर चार महिन्यांनी बोट परत आली. भर समुद्रात कोठीत पाणी शिरले होते आणि खलाशांनी रात्रभर आळीपाळीने हातपंप चालवून ती धक्क्याला आणली होती. जोड सुटला होता तो नेमका त्याच कोपऱ्यात. कोणी मेले नाही, हे माझे नशीब. माझे कर्तृत्व नव्हे. बोटीचा तांडेल वयस्क होता. त्याच्या दोन्ही तळहातांवर फोड आले होते. त्याने आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, “साहेब, तुम्ही स्वतः आत उतरला होता ना?”

मी म्हणालो, “नाही.” आणि तेच माझ्या वरिष्ठांना लिहून दिले. शिक्षा झाली, ती योग्यच होती. त्या रात्री मला आठवले ते नियमांचे पुस्तक नव्हे. तापाने फणफणलेल्या गुरुजींनी सही न करता परत पाठवलेल्या वह्या आठवल्या. ‘समाधानकारक’ हे मत आहे, ते चुकू शकते. ‘पाहिले’ ही साक्ष आहे. न पाहता ‘पाहिले’ लिहिणे ही खोटी साक्ष होय. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ज्या टाकीत उतरलो नाही, तिच्यापुढे ‘पाहिली नाही’ असे लिहीत गेलो. मालक चिडत, बोट अडकून पडे, मला अडेलतट्टू म्हणत. मी त्यांना दोष देत नाही. अडकलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे त्यांच्या खिशातून जात. आणि पाहणीची फी देणाराही मालकच, हा या व्यवस्थेतला जुना पेच आहे. तो आजही पूर्ण सुटलेला नाही. तरीही पाहणीकाराने ध्यानात ठेवायचे, की फी देणारा धक्क्यावर उभा असतो आणि सहीवर जीव टाकणारा समुद्रावर.

मित्रहो, हा प्रश्न जहाजापुरता नाही. २४ मे २०१९ रोजी आपल्याच सुरतेत, सरथाण्याच्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गात आगीने २२ विद्यार्थ्यांचा बळी घेतला. त्या दिवसापासून मी कोणत्याही शाळेत गेलो, की आधी जिना पाहतो. आज या सभागृहात शिरण्यापूर्वीही पाहिला. मागचे दार उघडे आहे, त्याला कुलूप नाही, हेही पाहिले. आपल्यापैकी कोणी आज लूमखात्यात वायरमन आहे, कोणी बॉयलर चालवतो, कोणी महापालिकेत आहे, कोणी शाळांतून पेपर तपासतो. प्रत्येकाच्या सहीखाली कोणीतरी निर्धास्त झोपतो.

माझ्याजवळ सातवीची एक वही अजून आहे. तिच्या एका पानावर सही नाही. गुरुजींनी ‘उद्या पाहीन’ म्हटले होते तेच ते पान. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवसाची तारीख आहे, मागच्या पानातल्या माझ्या गणिताची चूक लाल शाईने दाखवली आहे आणि खाली तो शब्द आहे. त्या शब्दाला नमस्कार करून मी आपली रजा घेतो.